सेंट थॉमसची मंडळी

मुंबईला पश्चिम रेल्वेने रोज लक्षावधी माणसे चर्चगेट स्थानकात उतरतात. या नावामागे एक खरोखरीचे चर्च आणि एक खरोखरीचा दरवाजा होता, हे त्यांपैकी फारच थोड्यांच्या ध्यानात येत असेल. जुन्या मुंबईच्या कोटाला जे तीन दरवाजे होते, त्यांतला एक सेंट थॉमसच्या चर्चकडे जाणारा म्हणून चर्चगेट. दरवाजा एकोणिसाव्या शतकात कोटाबरोबर पडला. पण १७१८ च्या नाताळात उघडलेले ते चर्च अजूनही आपल्या जागी उभे आहे. याच संताच्या नावाची आणखी एक मंडळी सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात, १७९४ साली स्थापन झाली. मुंबईचे चर्च कंपनी सरकारच्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी बांधलेले. फिलाडेल्फियाचे चर्च कालपरवापर्यंत गुलाम असलेल्या कृष्णवर्णीयांनी स्वतःसाठी बांधलेले. दोन्ही एकाच इंग्रजी धर्मपरंपरेच्या शाखा. आज मी आपणांस या दुसऱ्या मंडळीची हकीकत सांगणार आहे.

ती सांगण्यापूर्वी ‘एपिस्कोपल’ या शब्दाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ग्रीक भाषेत ‘एपिस्कोपॉस’ म्हणजे देखरेख करणारा. त्यावरूनच ‘बिशप’ हा शब्द आला. ज्या चर्चचा कारभार बिशपांच्या देखरेखीखाली चालतो ते एपिस्कोपल चर्च. आपल्याकडे ही परंपरा अँग्लिकन या नावाने आली आणि नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी इतर काही पंथांच्या मंडळ्यांसह ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या संयुक्त चर्चमध्ये विलीन झाली. अमेरिकेत मात्र तिला वेगळेच वळण मिळाले. स्वातंत्र्ययुद्धापूर्वी तेथील या मंडळ्या इंग्लंडच्या राजाला चर्चचा प्रमुख मानीत. राजाशी संबंध तुटला, तेव्हा राजनिष्ठेची शपथ घेतल्यावाचून इंग्लंडमध्ये बिशपपदाची दीक्षा मिळेना. कनेटिकटच्या सॅम्युएल सीबरी यांनी १४ नोव्हेंबर १७८४ रोजी स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे ती मिळविली. पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा बदलला आणि ४ फेब्रुवारी १७८७ रोजी फिलाडेल्फियाचे विल्यम व्हाइट आणि न्यूयॉर्कचे सॅम्युएल प्रोव्हूस्ट यांना लंडनच्या लॅम्बेथ राजवाड्यात दीक्षा मिळाली. १७८९ साली फिलाडेल्फियातच या चर्चची घटना तयार झाली.

या घटनेचे वैशिष्ट्य असे की, राजा गेल्यावर त्याचा अधिकार एकट्या बिशपांच्या हाती गेला नाही. प्रत्येक मंडळी आपल्या सभासदांतून कारभारी निवडते. त्यांच्या समितीला ‘व्हेस्ट्री’ म्हणतात. अनेक मंडळ्या मिळून एक धर्मप्रांत होतो. त्याच्या वार्षिक परिषदेत प्रत्येक मंडळीचे धर्मगुरू आणि सामान्य सभासद असे दोघेही प्रतिनिधी म्हणून बसतात आणि मत देतात. सर्व देशाची जी महापरिषद, तिचीही दोन सभागृहे आहेत : एक बिशपांचे, दुसरे धर्मगुरू व सामान्य सभासद यांच्या प्रतिनिधींचे. प्रार्थनेचा ग्रंथ एक, बिशप एक आणि कारभारात सर्वांचा वाटा, ही या सामायिक जीवनाची कल्पना होती. ती कितपत खरी ठरली याची पहिली मोठी कसोटी सेंट थॉमसच्या मंडळीने घेतली.

या मंडळीचे संस्थापक अ‍ॅब्सलम जोन्स यांचा जन्म १७४६ साली डेलावेअर प्रांतातील ससेक्स परगण्यात गुलामगिरीत झाला. मालकाच्या घरी येणारे लोक हातावर ठेवीत त्या पैशांतून त्या मुलाने बाराखडीचे पुस्तक विकत घेतले आणि भेटेल त्याला विचारून तो वाचावयास शिकला. तो सोळा वर्षांचा असताना मालकाने त्याची आई, पाच भाऊ आणि एक बहीण यांना विकून टाकले आणि एकट्या अ‍ॅब्सलमला घेऊन तो फिलाडेल्फियास आला. तेथे तो दिवसा मालकाच्या दुकानात काम करी आणि रात्री क्वेकर पंथीयांनी कृष्णवर्णीयांसाठी चालविलेल्या शाळेत जाई. १७७० साली त्यांनी मेरी नावाच्या एका गुलाम स्त्रीशी विवाह केला. पैसा जमू लागला तेव्हा त्यांनी आधी पत्नीचे स्वातंत्र्य विकत घेतले, स्वतःचे नव्हे. कारण उघड होते : कायद्याने मुलांची स्थिती आईवरून ठरे, आई गुलाम तर मुले गुलाम. त्यानंतर स्वतःच्या सुटकेसाठी ते मालकाला पुनःपुन्हा विनवीत राहिले. ती सुटका त्यांना १७८४ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी मिळाली.

१२ एप्रिल १७८७ रोजी जोन्स आणि त्यांचे तरुण मित्र रिचर्ड अ‍ॅलन यांनी ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ नावाची संस्था काढली. अ‍ॅलन हेही गुलामगिरीतून सुटलेले आणि मेथॉडिस्ट पंथाचे उपदेशक होते. प्रत्येक सभासदाने दरमहा चांदीचा एक शिलिंग भरावयाचा. एक वर्ष वर्गणी भरल्यानंतर गरजू सभासदास आठवड्याला तीन शिलिंग नऊ पेन्स मिळावयाचे. विधवांना आधार आणि पोरक्या मुलांच्या शिक्षणाची सोय करावयाची, असे तिचे नियम होते. ही धार्मिक संस्था नव्हती; निरनिराळ्या पंथांची माणसे तीत होती. मंडळी जन्मास येण्यापूर्वी तिची सेवा जन्मास आली होती, असेच म्हणावे लागेल.

त्या वेळी यांपैकी बरेच लोक सेंट जॉर्ज नावाच्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये उपासनेस जात. त्यांची संख्या वाढली तसे गोऱ्या सभासदांना ते अडचणीचे वाटू लागले. चर्चमध्ये नवा सज्जा बांधला गेला. त्यासाठी कृष्णवर्णीयांनीही पैसे आणि श्रम दिले होते. एका रविवारी त्यांना सांगण्यात आले की, तुम्ही वर सज्ज्यात बसा. ते वर जाऊन जेथे गुडघे टेकून बसले, ती जागाही त्यांची नव्हे असे ठरले. प्रार्थना चालू असतानाच एक विश्वस्त येऊन जोन्स यांना दंडाला धरून उठवू लागला. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, मग आम्ही तुम्हांला त्रास देणार नाही, असे जोन्स यांनी त्याला सांगितले. तो थांबला नाही. त्याने दुसऱ्याला मदतीस बोलाविले. प्रार्थना संपली आणि सारे कृष्णवर्णीय एकजुटीने बाहेर पडले, ते पुन्हा तेथे गेले नाहीत. हा प्रसंग १७८७ सालचा, असे परंपरा सांगते. सज्ज्याच्या बांधकामाचा काळ पाहून अलीकडचे अभ्यासक तो १७९२ च्या सुमाराचा मानतात.

आता स्वतःचे प्रार्थनामंदिर हवे होते. डॉ. बेंजामिन रश यांच्यासारखे काही गोरे नागरिक मदतीस आले, वर्गणी जमली, भिंती उभ्या राहिल्या. ऑगस्ट १७९३ मध्ये इमारतीचे छप्पर चढले, तेव्हा झाडांच्या सावलीत एक भोजन झाले. प्रथम गोरे पाहुणे बसले व कृष्णवर्णीयांनी त्यांना वाढले. मग कृष्णवर्णीय बसले आणि गोऱ्यांनी त्यांना वाढले. पंक्तिप्रपंचाचे मोल आपणा महाराष्ट्रीयांना वेगळे सांगावयास नको. त्या काळी असे भोजन ही लहान गोष्ट नव्हती.

पण हा आनंद चार दिवसही टिकला नाही. त्याच महिन्यात शहरात पिवळा ताप पसरला. फिलाडेल्फिया तेव्हा संयुक्त संस्थानांची राजधानी होती. उपनगरे धरून वस्ती सुमारे पन्नास हजार. नोव्हेंबरपर्यंत त्यांतील सुमारे पाच हजार माणसे दगावली आणि हजारो शहर सोडून गेली. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनदेखील सप्टेंबरमध्ये आपल्या गावी गेले. हा रोग डासांमुळे पसरतो, हे कळावयास १९०० साल उजाडावे लागले. तेव्हा डॉ. रश यांची अशी समजूत होती की, कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही. त्यांनी जोन्स व अ‍ॅलन यांना शहराच्या सेवेसाठी हाक दिली. दोघांनी माणसे गोळा केली. घरोघर जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करणे, पोरक्या मुलांना सुरक्षित जागी पोहोचविणे, ज्यांना नातलगही शिवत नाहीत अशी प्रेते उचलून पुरणे, ही कामे त्यांनी अंगावर घेतली. डॉक्टर कमी पडले तेव्हा रश यांच्या सांगण्यावरून त्यांनी आठशेहून अधिक लोकांचे रक्त काढले. तो उपचार अपायकारक होता हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्या वेळी तो शहरातल्या सर्वांत नामांकित वैद्याचा सल्ला होता. आणि प्रतिकारशक्तीची ती समजूत? १७९२ साली शहरात ६७ कृष्णवर्णीयांचे दफन झाले होते. १७९३ साली ३०५ जणांचे झाले.

साथ ओसरली आणि मॅथ्यू केरी नावाच्या प्रसिद्ध प्रकाशकाने तिचा वृत्तान्त छापला. त्याने जोन्स व अ‍ॅलन यांची नावे घेऊन स्तुती केली, परंतु इतर कृष्णवर्णीय शुश्रूषकांनी अवाच्या सवा पैसे उकळले आणि काहींनी चोऱ्याही केल्या असा ठपका ठेवला. स्वतःची स्तुती स्वीकारून गप्प बसणे या दोघांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. जानेवारी १७९४ मध्ये त्यांनी आपली पुस्तिका प्रसिद्ध केली. शुश्रूषेचे दर वाढले ते गोऱ्या लोकांनीच एकमेकांवर चढाओढ करून वाढविले, हे त्यांनी दाखविले. एक पैही न घेता सेवा करणाऱ्या गरीब स्त्रीपुरुषांच्या हकिकती दिल्या. खुद्द केरी साथीच्या ऐन भरात काही काळ शहराबाहेर होता याचीही आठवण दिली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांनी हिशेब छापला. प्रेते पुरण्याच्या कामाबद्दल मिळालेली एकूण रक्कम २३३ पौंड १० शिलिंग ४ पेन्स. ज्यांचे पैसे मिळाले नाहीत अशा शवपेट्यांचा खर्च ३३ पौंड. मजुरीने लावलेल्या पाच माणसांपैकी तिघांचे सत्तर दिवस व दोघांचे त्रेसष्ट दिवस, दररोज साडेबावीस शिलिंगप्रमाणे, ३७८ पौंड. तूट १७७ पौंड ९ शिलिंग ८ पेन्स. तीत या दोघांच्या स्वतःच्या श्रमांचा मोबदला धरलेलाच नाही. आरोपाला इतके शांत आणि इतके निरुत्तर करणारे उत्तर मी क्वचितच वाचले आहे.

१७ जुलै १७९४ रोजी चर्च उघडले. कोणत्या पंथाचे व्हावयाचे, हा प्रश्न मंडळीपुढे होताच. जोन्स व अ‍ॅलन यांचा ओढा मेथॉडिस्ट पंथाकडे होता. पण सेंट जॉर्जमधील अनुभव ताजा होता आणि बहुमत एपिस्कोपल चर्चच्या बाजूने पडले. अ‍ॅलन यांनी धर्मगुरुपद नाकारले. आपण मेथॉडिस्टच राहणार, असे सांगून त्यांनी त्याच महिन्यात ‘बेथेल’ ही निराळी मंडळी सुरू केली. जोन्स यांनी मात्र स्वतःची आवड बाजूला ठेवून बहुमत मानले. दोघा मित्रांच्या वाटा वेगळ्या झाल्या, मैत्री तुटली नाही.

एपिस्कोपल चर्चमध्ये प्रवेश करताना या लोकांनी हात जोडून आश्रय मागितला नाही. तीन अटी घातल्या. आम्हांला एक संघटित मंडळी म्हणून स्वीकारावे. आमचा स्थानिक कारभार कायम आमच्याच हाती राहावा. आणि आमच्यापैकी एकाला उपासना चालविण्याचा परवाना मिळून, तो योग्य ठरल्यास त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळावी. बिशप व्हाइट यांनी अटी मान्य केल्या. धर्मगुरूला ग्रीक व लॅटिन यावे असा चर्चचा नियम होता. जोन्स यांच्यापुरती ती अट १७९५ च्या धर्मप्रांत परिषदेने शिथिल केली. ६ ऑगस्ट १७९५ रोजी बिशप व्हाइट यांनी त्यांना डीकनपदाची दीक्षा दिली आणि पुढे काही वर्षांनी ते या चर्चचे पहिले कृष्णवर्णीय धर्मगुरू झाले.

परंतु ज्या ठरावाने भाषांची अट सैल केली, त्याच ठरावाने दुसरे एक दार बंद केले. या मंडळीला परिषदेत धर्मगुरू किंवा प्रतिनिधी पाठविण्याचा, अथवा चर्चच्या सर्वसाधारण कारभारात भाग घेण्याचा हक्क असणार नाही, असे त्यात नमूद झाले. कारण दिले ते असे की, या लोकांची सध्याची विशेष परिस्थिती ध्यानात घेऊन हे केले आहे. सरकारी कचेरीत आयुष्याचा बराच भाग घालविलेल्या माझ्यासारख्याला या ‘सध्याच्या’ शब्दाची चांगलीच ओळख आहे. ‘तूर्त’, ‘पुढील आदेश होईपर्यंत’ ही आमच्या टिपणांतली नेहमीची भाषा. ज्याला नाही म्हणावयाचे आहे पण नाही म्हणण्याची लाज वाटते, तो ‘तूर्त’ म्हणतो. ठराव करणारी माणसे दुष्ट नव्हती. बिशप व्हाइट तर त्या मंडळीचे हितचिंतकच होते. पण तूर्त केलेली ही तजवीज जवळजवळ सत्तर वर्षे टिकली.

या सत्तर वर्षांत ती मंडळी काय करीत होती? रुसून बसली नव्हती. डिसेंबर १७९९ मध्ये जोन्स आणि सुमारे सत्तर सहकाऱ्यांनी काँग्रेसकडे अर्ज केला. गुलामांचा व्यापार आणि पळालेल्या गुलामांना पकडण्याचा १७९३ चा कायदा यांविरुद्ध तो होता. त्या कायद्याच्या आडोशाने स्वतंत्र माणसेही पळवून नेली जात. जानेवारी १८०० मध्ये प्रतिनिधिगृहाने अशा मागणीला उत्तेजन देऊ नये असा निर्णय ८५ विरुद्ध १ मतांनी घेतला. गुलामांच्या आयातीवर बंदी आली तेव्हा, १ जानेवारी १८०८ रोजी, जोन्स यांनी सेंट थॉमसमध्ये आभाराचे प्रवचन दिले. इजिप्तमधील दास्यात पडलेल्या आपल्या लोकांचा आकांत देवाने ऐकला, हा बायबलमधील कथाभाग त्यांनी निरूपणासाठी घेतला आणि दर वर्षी हा दिवस आभाराचा म्हणून पाळावा असे सुचविले. जेम्स फोर्टेन हे जहाजांची शिडे बनविणारे यशस्वी कारखानदार याच मंडळीच्या कारभाऱ्यांपैकी एक. स्वतंत्र कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत पाठवून देण्याच्या योजनेविरुद्ध १८१७ साली जी प्रचंड सभा भरली, तिचे ते अध्यक्ष होते.

१३ फेब्रुवारी १८१८ रोजी जोन्स यांचा अंत झाला. परिषदेत आपल्या मंडळीचा प्रतिनिधी बसलेला त्यांना पाहावयास मिळाला नाही. न्यूयॉर्कमधील सेंट फिलिप या कृष्णवर्णीयांच्या मंडळीचीही हीच कथा. तिने १८४६ साली परिषदेकडे प्रवेश मागितला. पहिले सरन्यायाधीश जॉन जे यांचे त्याच नावाचे नातू तिच्यासाठी वर्षानुवर्षे झगडले, तेव्हा १८५३ साली तिला जागा मिळाली. याच मंडळीत वाढलेल्या अलेक्झांडर क्रमेल या बुद्धिमान तरुणाला १८३९ साली न्यूयॉर्कच्या धर्मविद्यालयाने प्रवेश नाकारला. इंग्लंडला जाऊन त्याने केंब्रिजची पदवी मिळविली. फिलाडेल्फियात १८३४ पासून सेंट थॉमसचे धर्मगुरू असलेले विल्यम डग्लस यांनी जुनी दप्तरे चाळून १८६२ साली मंडळीचा इतिहास छापला. अटी, ठराव, पत्रे सारे त्यात आहे, आणि आज आपण हे बोलू शकतो ते बऱ्याच अंशी त्यांच्या या परिश्रमामुळे. अखेर यादवी युद्धाच्या धामधुमीत धर्मप्रांताने तो जुना निर्बंध उठविला आणि सेंट थॉमसच्या प्रतिनिधींना परिषदेत आसन मिळाले.

हे वाचताना मला महात्मा जोतीराव फुले यांची आठवण येते. १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करताना त्यांनी ते पुस्तक अमेरिकेतील त्या सज्जनांना अर्पण केले, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झीज सोसली. जोतीरावांच्या डोळ्यांसमोर कोण होते ते असो. त्या सज्जनांत रात्री जागून अक्षरे गिरविणारा, आधी पत्नीला सोडविणारा आणि तुटीचा हिशेब निर्भयपणे छापणारा अ‍ॅब्सलम जोन्सही आहे, हे आपण विसरता कामा नये. गुलामांना केवळ कोणी येऊन सोडविले नाही. ते स्वतःही सुटत होते आणि इतरांना सोडवीत होते.

ही हकीकत एका चर्चची असली, तरी तिच्यातील प्रश्न कोणत्याही समाजाला लागू आहे. सेंट जॉर्जने या लोकांना जागा दिली नाही, म्हणून ते बाहेर पडले. हा अन्याय डोळ्यांना दिसणारा होता. एपिस्कोपल चर्चने त्यांना जागा दिली, धर्मगुरू दिला, प्रार्थनेचा ग्रंथ दिला; फक्त निर्णय जेथे होतात तेथे बसू दिले नाही. हा दुसरा अन्याय सौम्य होता, आणि म्हणूनच तो अधिक दिवस टिकला. सामायिक प्रार्थना म्हणजे सामायिक जीवन नव्हे. ज्याला मत नाही, तो घरातला असूनही पाहुणाच राहतो.

१९७३ पासून अ‍ॅब्सलम जोन्स यांचा स्मृतिदिन, १३ फेब्रुवारी, एपिस्कोपल चर्चच्या पंचांगात आहे. २०१५ साली मायकेल करी यांच्या रूपाने कृष्णवर्णीय धर्मगुरू या चर्चच्या सर्वोच्च पदी निवडला गेला आणि २०२४ पर्यंत त्या पदावर राहिला. त्याआधी, ४ ऑक्टोबर २००८ रोजी, चर्चच्या तेव्हाच्या प्रमुख बिशप कॅथरीन जेफर्ट्स शोरी फिलाडेल्फियास आल्या आणि गुलामगिरीत चर्चचा जो हात होता त्याबद्दल त्यांनी चर्चच्या वतीने जाहीर क्षमा मागितली. हा विधी कोणत्याही भव्य कॅथीड्रलमध्ये झाला नाही. तो झाला सेंट थॉमसच्या मंडळीत. १७९५ साली ज्यांना परिषदेच्या दाराबाहेर ठेवले होते, त्यांच्याच घरी परिषदेला यावे लागले.